पाणबुड्याच्या हातांतील काडतुसाची काठी

सिलोनच्या वायव्य किनाऱ्यावर अरिपो नांवाची एक उजाड, वाळवंटी जागा आहे. मन्नारच्या आखातांत मोत्यांचे शिंपले काढण्याचा हंगाम ज्या वर्षीं भरे, त्या वर्षीं तेथें कांहीं आठवडे एक तात्पुरतें शहरच वसे. तमिळ व अरब पाणबुडे, मूर व्यापारी, चेट्टी सावकार, सरकारी अंमलदार, साधु आणि भिकारी अशी सारी दुनिया त्या वाळूवर लोटे. रात्रीं जमिनीवरून सुटणाऱ्या वाऱ्याबरोबर नावा निघत व उजाडतां उजाडतां शिंपल्यांच्या पट्ट्यावर जाऊन पोहोंचत. इशारा झाला कीं पाणबुडा दोराला बांधलेल्या दगडावर पाय देऊन पाण्यांत उतरे, आणि सुमारें एका मिनिटांत हाताला लागतील तितके शिंपले जाळीच्या पिशवींत भरून वर येई. त्याच्यापाशीं हत्यार म्हणण्यासारखें कांहीं नसे. ज्या पाण्यांत आपण उतरतों त्यांत शार्क मासे वावरतात हें मात्र त्याला पक्कें ठाऊक असे.

शार्क म्हटल्याबरोबर आपल्याकडील कित्येकांना एखादें परदेशी जनावर डोळ्यांपुढें येतें. परंतु कोंकणांतल्या मासळीबाजारांत मुशी किंवा मोरी म्हणून जें विकलें जातें तें याच कुळांतलें. फरक आकाराचा व जातीचा. पाणबुड्याला भीति वाटे ती माणसाएवढ्या व माणसाहून मोठ्या शार्कची.

या भीतीवरचा इलाज किनाऱ्यावर बसलेला असे. त्याला तमिळ भाषेंत 'कडल-कट्टी' म्हणत. शब्दशः अर्थ समुद्र बांधणारा, व्यवहारांतला अर्थ शार्कचें तोंड बांधणारा. ही चाल फार जुनी होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्यावरून गेलेला व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो यानें लिहून ठेवलें आहे कीं, येथील व्यापारी मिळकतीचा दहावा भाग राजाला देतात आणि विसावा भाग मोठ्या माशांना मंत्रानें बांधून टाकणाऱ्या ब्राह्मणांना देतात. तो आणखी असें सांगतो कीं हा मंत्र फक्त दिवसापुरता चाले. रात्र झाली कीं मांत्रिक तो सोडवून घेत आणि मासे पुन्हा मोकळे होत. हा तपशील मोठा मार्मिक आहे. दिवसा पाणबुड्यांचें रक्षण करणारा मंत्र रात्रीं सुटला, कीं चोरून शिंपले काढणाऱ्यांवर आपोआपच पहारा बसला!

इंग्रजी अमदानींतहि कडल-कट्टीचें महत्त्व कमी झालें नाहीं. सर जेम्स इमर्सन टेनंट हे १८४५ नंतर कांहीं वर्षें सिलोनांत वसाहतीचे चिटणीस होते. त्यांचा सिलोनवरील मोठा ग्रंथ १८५९ सालीं प्रसिद्ध झाला. अरिपोचा हा अधिकार एका घराण्याकडे वंशपरंपरेनें चालत असे. मुख्य मांत्रिकाला सरकारांतून वेतन मिळे, आणि शिवाय प्रत्येक नावेकडून दररोज दहा शिंपले. टेनंट तेथें गेले तेव्हां त्या जागेवर असलेला गृहस्थ रोमन कॅथलिक ख्रिस्ती होता! त्यामुळें मंत्राची शक्ति उणावली असें कोणाला वाटलें नाहीं. विशेष हें कीं, इंग्रजांची सत्ता तेथें आल्यापासून टेनंट लिहीत होते तोंपर्यंत शार्कनें पाणबुड्यावर झडप घातल्याची खात्रीलायक म्हणावी अशी एकाहून अधिक घटना नमूद नव्हती.

सुशिक्षित मनुष्य या हकीकतीला हंसेल. परंतु हंसण्यापूर्वीं इतकें लक्षांत घ्यावें, कीं मांत्रिकावांचून पाणबुडे पाण्यांत उतरावयास तयार नसत, आणि व्यवहारचतुर इंग्रज सरकार त्याला पगार देई तें याच कारणासाठीं. मंत्र चाले तो माशांवर नव्हे, माणसांवर. मासे दूर राहत त्याचें कारण बहुधा निराळेंच असावें: शेंकडों नावांचा गलबला, दगडांचें सारखें खालवर होणें, एकाच वेळीं पाण्यांत उतरलेलीं असंख्य माणसें. शार्क हा मोठा सावध प्राणी आहे. अनोळखी गोंगाटापासून तो सहसा अंतर राखून असतो.

पुढें पाणबुड्याचें रूप पालटलें. १८३७ च्या सुमारास ऑगस्टस सीबे यानें लंडनमध्यें पूर्ण बंद पोशाखाला तांब्याचें शिरस्त्राण जोडलें, आणि वरून पंपानें हवा घेत तासन् तास तळाशीं काम करणारा पाणबुडा निर्माण झाला. जाड पोशाख, शिशाचे बूट, सतत उसळणारे बुडबुडे. हा मनुष्य शार्कच्या दृष्टीनें भक्ष्य दिसण्यापेक्षां एखादें यंत्रच दिसत असला पाहिजे. यामुळें या काळांत शार्कचा प्रश्न थोडा मागें पडला.

तो पुन्हा पुढें आला समुद्रस्नानाच्या शोकामुळें आणि नंतर युद्धामुळें. १९१६ सालच्या जुलै महिन्यांत, पहिल्या तारखेपासून बाराव्या तारखेपर्यंत, अमेरिकेंत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्कनें पांच जणांना गांठलें. त्यांपैकीं चौघे दगावले. त्यांतले दोघे तर भर समुद्रांत नव्हे, मटावान नांवाच्या एका ओढ्यांत सांपडले. थंड प्रदेशाच्या पाण्यांत शार्क जिवंत माणसाच्या वाटेस जात नाहीं अशी जी विद्वानांची समजूत होती ती त्या बारा दिवसांत बुडाली. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धांत हजारों खलाशी व वैमानिक उष्ण समुद्रांत पडूं लागले. त्यांच्या मनांतली शार्कची धास्ती हा आरमारापुढें खरोखरीचा प्रश्न होऊन बसला.

३० जुलै १९४५ च्या मध्यरात्रीं फिलिपाइन समुद्रांत 'इंडियानापोलिस' या अमेरिकन युद्धनौकेवर जपानी पाणबुडीचे पाणतीर आदळले. अणुबाँबचे भाग टिनियान बेटावर पोहोंचवून ती पुढच्या प्रवासास निघाली होती. बारा मिनिटांत ती बुडाली. नौकेवर १,१९५ माणसें होतीं. सुमारें ३०० तिच्याबरोबर गेलीं. उरलेलीं पाण्यावर तरंगत राहिलीं आणि चार दिवसांनंतर त्यांचा पत्ता लागला तेव्हां अखेर वांचले ते ३१६. त्या चार दिवसांत शार्क आले आणि त्यांनीं माणसें नेलीं हें निर्विवाद आहे. परंतु तहानेनें, उन्हानें, जखमांनीं आणि वेड्यासारखें खारें पाणी प्याल्यानें मेलेले लोक फार होते. लोकांच्या स्मरणांत मात्र शार्कच राहिले.

या युद्धांत अमेरिकन सरकारनें शार्कवर रासायनिक औषध शोधून काढलें, आणि त्याची हकीकत कडल-कट्टीच्या हकीकतीशीं विलक्षण जुळते. कुजलेल्या शार्कच्या मांसाला दुसरे शार्क तोंड लावीत नाहींत असें दिसून आल्यावर, त्या मांसांतल्या द्रव्यांचा मागोवा घेत शास्त्रज्ञ ताम्र-ॲसिटेट या क्षारापर्यंत आले. तो क्षार आणि काळा रंग यांची वडी करून ती खलाशाच्या जाकिटाला बांधावयाची, व प्रसंगीं पाण्यांत विरघळूं द्यावयाची. काळ्या ढगांत मनुष्य दिसेनासा होईल आणि क्षारानें मासा विटेल, अशी कल्पना. वडीचें नांव 'शार्क चेसर'. या कामीं ज्या गुप्तवार्ता खात्यानें पुढाकार घेतला त्यांत ज्युलिया मॅकविल्यम्स नांवाची एक तरुणी होती. तीच पुढें ज्युलिया चाइल्ड या नांवानें फ्रेंच पाककलेची शिक्षिका म्हणून जगप्रसिद्ध झाली. योगायोग असा कीं १९४४ मध्यें तिची नेमणूक सिलोनांतच, कँडी येथें झाली होती. वडीचा गुण संशयास्पद होता. भुकेनें पिसाळलेल्या शार्कांच्या झुंडीवर तिचा कांहींच अंमल चालत नसे. तरीहि अमेरिकन आरमारानें ती १९७० नंतरच्या दशकापर्यंत वापरांत ठेवली. जाकिटाला कांहीं तरी बांधलेलें आहे या जाणिवेनेंच मनुष्याला धीर येतो, हें आरमाराला कळत होतें.

१९४३ सालीं फ्रान्समध्यें जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनीं पाठीवर हवेची टाकी घेऊन मोकळेपणानें पोहण्याचें साधन सिद्ध केलें. पाणबुडा आतां दोरापासून व नळीपासून सुटला. तो माशासारखा हिंडूं लागला, आणि माशासारखाच एकटा पडला. १९४८ सालीं पश्चिम आफ्रिकेजवळील केप व्हर्दे बेटांच्या बाजूस कूस्तो व त्यांचा सोबती द्यूमा यांना खोल समुद्रांत शार्कांनीं घेरलें. ताम्र-ॲसिटेट जवळ होतेंच. तें पाण्यांत मिसळलें, आणि मासा त्यांतून जणूं कांहीं झालेंच नाहीं असा पोहत आला. अखेर अगदीं अंगावर आलेल्या एकाच्या नाकाडावर कूस्तोनें हातांतला कॅमेराच हाणला! नाव वेळेवर आली म्हणून दोघे वांचले. त्यानंतर त्यांच्या मंडळींनीं एक साधी लांकडी काठी जवळ बाळगण्यास आरंभ केला. तिच्या टोकाला खिळ्यांचीं अग्रें बसविलेलीं असत, म्हणजे ती माशाच्या कातडीवरून घसरत नसे. उद्देश मासा मारणें हा नव्हे. त्याला हातभर दूर ठेवणें, इतकाच. शार्कविषयीं ज्यांना बरेंच कळत होतें त्यांनीं निवडलेलें हत्यार असें सौम्य होतें, ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे.

इतरांचें समाधान इतक्यावर झालें नाहीं. युद्धोत्तर काळांत भाल्यानें व रबरी ताणाच्या बंदुकीनें पाण्याखालीं मासे मारण्याचा खेळ भूमध्य समुद्राकडून ऑस्ट्रेलिया व अमेरिकेपर्यंत फोफावला. भाल्यानें टोंचलेला मासा तडफडतो, रक्त सांडतें, आणि शार्क येतो. तेव्हां शार्कला तेथल्या तेथें ठार करील असें कांहीं तरी हातीं असावें, असें या शिकाऱ्यांना वाटूं लागलें. भाल्याच्या टोकाशीं स्फोटक जोडण्याची कल्पना दर्यावर्दी लोकांना नवी नव्हती. नॉर्वेच्या स्वेंड फॉइन यानें १८७० सालींच देवमाशाच्या भाल्याला स्फोटक गोळा बसवून त्याचें पेटंट घेतलें होतें. आतां तोफेच्या जागीं हात आला आणि गोळ्याच्या जागीं बंदुकीचें एक साधें काडतूस. इंग्रजींत या हत्याराला बँग स्टिक किंवा पॉवरहेड म्हणतात. मराठींत काडतुसाची काठी म्हटलें म्हणजे पुरे.

ही काठी दिसावयास अगदीं निरुपद्रवी असते, आणि तेंच तिच्यांतलें भय होय. दीड-दोन मीटर लांबीचा दांडा, व त्याच्या टोकाला पोलादाची किंवा पितळेची एक आंखूड, जाड नळी. कित्येकदां ही नळी सुटीच असते व भाल्याच्या टोकावर फिरवून बसवितात. भाला म्हटला कीं त्याला अणकुची हवी. हिला अणकुची नसते, उलट टोक बोथट व पोकळ असतें. नळीच्या कडेला एक आडवें भोंक व त्यांत खिळा किंवा तारेची कडी दिसली, तर ती सुरक्षेची खीळ समजावी. माहिती नसलेल्या माणसाला हा मोडका भाला वाटतो, किंवा नावेच्या सामानांतला एखादा नळाचा तुकडा. वस्तुतः ती बंदूक आहे. तिला घोडा नाहीं इतकेंच. नळींतलें काडतूस मागें सरकलें कीं पाठीमागच्या टोंच्यावर आपटतें आणि उडतें. म्हणजे बंदुकीला बोट लावावें लागतें, हिला नुसता धक्का पुरतो. किनाऱ्यावर, जुन्या बाजारांत किंवा एखाद्या दिवंगत शिकाऱ्याच्या पेटींत अशी वस्तु सांपडल्यास ती भरलेलीच आहे असें धरून चालावें. तिचें तोंड कोणाकडे करूं नये, ती आपटून किंवा उघडून पाहूं नये, आणि जाणत्या माणसाच्या अथवा पोलिसांच्या स्वाधीन करावी. समुद्राच्या पाण्यानें गंजलेलें काडतूस निकामी झालेलेंच असेल असा भरंवसा कोणींहि देऊं शकत नाहीं. आपल्या देशांत तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें जिवंत काडतूस परवान्यावांचून बाळगणें हाच गुन्हा आहे.

आतां एक प्रश्न सहज सुचतो. बंदूकच जर हवी, तर ती नेहमींच्या बंदुकीप्रमाणें दुरून कां झाडूं नये? उत्तर पाण्यांत आहे. पाणी हवेपेक्षां सुमारें ८०० पट दाट असतें. जी रायफलची गोळी हवेंत मैलभर जाते, तिचा वेग पाण्यांत मीटरभर अंतरांत मरून जातो. अतिशय वेगवान गोळी तर पाण्यावर आपटून फुटतेच. पाण्याखालून दूरवर मारा करावयाचा तर गोळीचा आकारच बदलावा लागतो. १९७० नंतरच्या दशकांत सोव्हिएट रशियानें आपल्या आरमारी पाणबुड्यांसाठीं लांब खिळ्यासारख्या बाणांचें पिस्तूल व बंदूक बनविली ती याच कारणानें. साध्या काठींत हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविलेला आहे. तिचें तोंड माशाच्या अंगाला भिडतें तेव्हांच ती उडते; मधें पाणी राहतच नाहीं. आणि मारते ती केवळ गोळी नव्हे. दारूचा तापलेला वायु प्रचंड दाबानें मांसांत शिरतो व आंतून फाडीत जातो. म्हणूनच कांहीं लोक गोळी नसलेलें काडतूसहि या कामीं वापरीत.

यावरून तिच्या वापराचे नेम आपोआप निघतात. पाण्यांत ती हातभर अंतराचें हत्यार आहे, पण नावेवर ती पुरी बंदूक आहे. तेथें तिची गोळी दूरवर जाईल. म्हणून अनुभवी पाणबुडे नावेवर ती भरलेली ठेवीत नाहींत. सुरक्षेची खीळ काढावयाची ती पाण्यांत उतरल्यावर, सोबत्यांपासून दूर, आणि तीहि खरोखरीच गरज दिसली तर. वर चढण्यापूर्वीं खीळ पुन्हा जागेवर गेली पाहिजे. डोलत्या नावेंत हातांतून निसटलेली काठी फळीवर टोकावर पडली, तर कोणाचा पाय जाईल हें सांगतां येत नाहीं. काठी ठोसली आणि आवाज झाला नाहीं, तर काडतूस फुकट गेलें असें मानून नळींत डोकावणारा मनुष्य मूर्ख म्हटला पाहिजे, कारण कांहीं काडतुसें क्षणभर उशिरानें उडतात. आणि पाण्यांत हिसका बसतो, कान सुन्न होतात, तो भाग वेगळाच.

अमेरिकेंतल्या फ्लोरिडा संस्थानांत १९८८ पासून ॲलिगेटर जातीच्या मगरींची परवान्यानें शिकार होते. तेथें ही काठी चालते. पण आधीं दोरानें पकडून ताब्यांत आणलेल्या मगरीवरच, मोकळ्या मगरीवर नव्हे. हा नियम करणाऱ्यानें हत्याराचा स्वभाव नीट ओळखला आहे. जवळ असलेल्या, स्थिर झालेल्या प्राण्याचा शेवट करण्यास ती उत्तम. चहूंकडून केव्हांहि येणाऱ्या प्राण्यापासून रक्षण करण्यास ती फारशी कामाची नाहीं.

याचा पुरावा दक्षिण ऑस्ट्रेलियांत मिळाला. ८ डिसेंबर १९६३ रोजीं अल्डिंगा येथें भाल्यानें मासे मारण्याच्या स्पर्धा चालल्या होत्या. रॉडनी फॉक्स हा तरुण एका माशावर नेम धरीत असतां, एखादी आगगाडी अंगावर आदळावी तसा त्याला धक्का बसला. मोठ्या पांढऱ्या शार्कनें त्याची छाती जबड्यांत धरली होती. हातांतली भाल्याची बंदूक त्या धक्क्यासरशीं उडून गेली. बरगड्या मोडल्या, फुप्फुस उघडें पडलें. शस्त्रवैद्यांनीं चारशेंहून अधिक टाके घालून त्याला वांचविलें. त्याच्या हातीं भाल्याऐवजीं काडतुसाची काठी असती तरी काय झालें असतें? तीहि उडूनच गेली असती. शार्क जेव्हां खरोखरी हल्ला करतो तेव्हां तो बहुधा आधीं दिसत नाहीं. आणि जो समोर दिसतो, घिरट्या घालतो, तो पुष्कळदां नुसती चौकशी करीत असतो. फॉक्स बरा झाल्यावर पुन्हा समुद्रांत उतरला. मोठ्या पांढऱ्या शार्कचें निरीक्षण करण्याचे पिंजरे त्यानें तयार करविले, आणि ज्यानें आपल्याला जवळजवळ संपविलें होतें त्याच माशाच्या रक्षणासाठीं तो पुढें आयुष्यभर बोलत राहिला.

जो समोर दिसतो, तो मात्र काठीला सहज सांपडे. काठीच्या इतिहासांतलें खरें दुःख येथें आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर 'ग्रे नर्स' नांवाचा शार्क राहतो. लांबी सुमारें तीन मीटरपर्यंत, अंग जाडजूड, आणि तोंड मिटलेलें असतांनाहि वेडेवांकडे सुळे बाहेर डोकावतात. चेहरा इतका क्रूर कीं चित्रकारानें राक्षस काढावयाचा म्हटलें तर यालाच पुढें बसवावें. प्रत्यक्षांत त्याचे ते लांब सुळे लहान मासे धरण्यासाठीं असतात. माणसाच्या वाटेस तो स्वतः होऊन जात नाहीं. पृष्ठभागावर येऊन तो हवा गिळतो आणि पोटांतल्या त्या हवेच्या बळावर खडकांच्या घळींत जवळजवळ निश्चल तरंगत राहतो. सिडनीच्या बाजूस शार्कनें माणूस मारला कीं लोक याच्याकडे बोट दाखवीत, कारण दिसणारा आणि भयंकर दिसणारा तोच होता. १९३७ पासून तेथील स्नानाच्या किनाऱ्यांवर शार्कसाठीं जाळीं लावण्यास सुरुवात झाली. त्यांत हे मासे सांपडत. त्यानंतर पाठीवर टाकी व हातांत काडतुसाची काठी घेतलेले शिकारी आले. घळींत संथ तरंगणाऱ्या माशाजवळ जावें, डोक्याला काठी टेंकावी, एक दणका, आणि मासा तळाशीं. यांत शौर्य तें काय? पण वर आल्यावर नरभक्षक मारल्याचा मान मिळे आणि फोटो निघत. १९५० पासून पुढील वीस-पंचवीस वर्षांत घळीच्या घळी अशा ओस पडल्या.

इतर मासे मारले तरी समुद्र ते लौकर भरून काढतो. ग्रे नर्सच्या बाबतींत तसें होत नाहीं. मादीला दोन गर्भाशय असतात. प्रत्येकांत सर्वांत आधीं वाढलेलें पिल्लूं आपल्या भावंडांना व अंड्यांना गर्भांतच खाऊन टाकतें, आणि जन्माला येतात तीं फक्त दोन पिल्लें, तींहि साधारणपणें दोन वर्षांतून एकदां. मारणाऱ्याला एक काडतूस लागे. भरपाईला समुद्राला वर्षें लागत.

हें ध्यानांत येण्यास शास्त्राची व साक्षीदारांची दोघांची गरज होती. १९५८ सालीं अमेरिकेंत आरमाराच्या साह्यानें शार्कच्या हल्ल्यांची जागतिक नोंदवही सुरू झाली, आणि कोणती जात खरोखरी धोक्याची हें ऐकीव गोष्टींऐवजीं नोंदींवरून ठरूं लागलें. साक्षीदार मिळाले ते शिकाऱ्यांतूनच. रॉन टेलर हा १९६५ सालीं ताहिती येथें झालेल्या भालाशिकारीच्या जागतिक स्पर्धेंत अजिंक्य ठरलेला; त्याची पत्नी व्हॅलरी हीहि त्याच खेळांत नांवाजलेली. या जोडप्यानें भाला खालीं ठेवला आणि कॅमेरा उचलला. १९७५ च्या 'जॉज' या चित्रपटांतील जिवंत पांढऱ्या शार्कचीं दृश्यें त्यांनींच टिपलीं. त्या चित्रपटानें साऱ्या जगांत शार्कचा द्वेष पसरविला याची खंत त्यांना आणि मूळ कादंबरीकार पीटर बेंचली यांनाहि पुढें वाटत राहिली. बेंचली यांनीं उरलेलें आयुष्य बरेंचसें शार्कच्या बाजूनें लिहिण्यांत घालविलें. ग्रे नर्सला संरक्षण मिळावें म्हणून झटणाऱ्यांत टेलर पतिपत्नी आघाडीवर होतीं. १९८४ सालीं न्यू साउथ वेल्सच्या सरकारनें तो मासा मारण्यास कायद्यानें बंदी केली. जगांत कायद्याचें संरक्षण मिळालेला हा पहिला शार्क. (आपल्या देशांत देवमुशीला, म्हणजे प्रचंड पण निरुपद्रवी अशा व्हेल शार्कला, असें संरक्षण २००१ सालीं मिळालें.)

आत्मरक्षणाच्या साधनांचा शोध मात्र थांबला नाहीं. अमेरिकन आरमारानें १९७० नंतर पोकळ सुईतून दाबलेला कर्बवायु माशाच्या पोटांत सोडणारा भाला करून पाहिला. बुडालेल्या खलाशानें ज्यांत शिरून तरंगत राहावें, म्हणजे त्याचा वास व रक्त बाहेर जाऊं नये, अशी मोठी पिशवीहि त्याच आरमारांतल्या शास्त्रज्ञानें बनविली. काठ्यांच्या मानानें ही कल्पना फार शहाणपणाची होती. व्हॅलरी टेलर हिनें पोलादी कड्यांचा चिलखतासारखा झगा घालून शार्कला आपला हात चावूं दिला आणि तो कसा टिकतो हें दाखविलें. दक्षिण आफ्रिकेंत नाताळच्या शार्क मंडळानें १९९० नंतरच्या दशकांत विजेच्या क्षेत्राचें उपकरण सिद्ध केलें. शार्कच्या मुस्कटावर विजेचे सूक्ष्म स्पंद ओळखणारीं इंद्रियें असतात. त्यांना तीव्र स्पंद सोसत नाहीं व मासा वळतो. तो भाला वगळतां यांतलें एकहि साधन माशाला ठार करण्यासाठीं हातीं घ्यावें लागत नाहीं, आणि हीच त्यांची काठीवर मात होय.

कारण आंकडे काठीच्या बाजूचे नाहींत. त्या जागतिक नोंदवहीप्रमाणें अलीकडील वर्षांत साऱ्या जगांत शार्कनें आपण होऊन माणसाला चावण्याचे प्रसंग वर्षाला सरासरीनें साठ-सत्तर होतात, व त्यांत पांच-सहा माणसें दगावतात. उलट माणसाच्या हातून वर्षाला मरणाऱ्या शार्कांची संख्या सुमारें १० कोटि असावी, असा अंदाज २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. त्यांतले बहुतेक जाळ्यांनीं व गळांनीं, परांसाठीं व मांसासाठीं मरतात. काठीनें मरणारे त्यांत नगण्य. तरी पण ग्रे नर्ससारख्या एका जातीला एका किनाऱ्यावरून उठवावयास ती काठी पुरली होती.

न्यू साउथ वेल्समध्यें भाल्यानें मासे मारण्यास आज परवानगी आहे, पण काडतुसाची काठी किंवा कोणतेंहि स्फोटक त्या कामीं वापरण्यास बंदी आहे. पूर्वीं जेथें शिकारी जात त्याच घळींकडे आतां पाणबुडे ग्रे नर्स पाहावयास जातात. माशाला हात लावूं नये, त्याचा पाठलाग करूं नये, घळीचें तोंड अडवूं नये असें त्यांना उतरण्यापूर्वीं बजावण्यांत येतें. आणि शार्कला पळवून लावणारें विजेचें उपकरण या माशांजवळ चालूं करूं नये, असेंहि सांगण्यांत येतें.